जनसंपर्क : निरोप आत पोहोचवण्याचे काम

(एका महाविद्यालयातील करिअर मार्गदर्शन व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जनसंपर्क या व्यवसायाविषयी बोलण्यासाठी आयोजकांनी एका पत्रकाराला बोलावले, याचे मला प्रथम थोडे हसू आले. पत्रकार आणि जनसंपर्क अधिकारी यांचे नाते विहिणी-विहिणींचे असते. समोरासमोर गोड बोलायचे, मानपान सांभाळायचे आणि पाठ वळताच उणीदुणी काढायची! वरपक्षाने वधूपक्षाची थोरवी सांगावी, तसाच हा प्रकार. परंतु या व्यवसायातील चांगली माणसे आणि वाईट माणसे आम्हा पत्रकारांइतक्या जवळून क्वचितच कोणी पाहिली असतील. मी साधा कला शाखेचा पदवीधर. व्यवस्थापनशास्त्र मला येत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत जे पाहिले, तेच सांगणार आहे.

जनसंपर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कडक इस्त्रीचे कपडे, सफाईदार इंग्रजी, तारांकित हॉटेलातील पत्रकार परिषद आणि शेवटी भेटवस्तूंची पिशवी. ‘आमच्या मुलीला बोलायला फार आवडते, तिला पीआरमध्ये घालू का?’ असे विचारणारे पालक मला अनेकदा भेटतात. त्यांना मी विचारतो, ‘तिला ऐकायला आवडते का?’ बोलण्याची हौस हा या व्यवसायात गुण कमी आणि धोका अधिक आहे.

आपल्या घरांत ‘संपर्क’ हा शब्द काही नवा नाही. संध्याकाळी चार घरी जाणारे, दारातून न परतता ओसरीवर बसणारे, चहा घेता घेता घरच्यांची विचारपूस करणारे कार्यकर्ते आपण लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांतही दोन प्रकार असत. एक पत्रक हाती देऊन निघून जाई. दुसरा घरातील आजीची तक्रारही ऐकून घेई आणि बैठकीत ती जशीच्या तशी मांडी. पहिल्याने फक्त पत्रके वाटली, संपर्क दुसऱ्याने केला. माझ्या आजच्या सगळ्या म्हणण्याचे मूळ या फरकात आहे.

निरोप्याची ही दुहेरी जबाबदारी आपल्या परंपरेला पूर्वीपासून ठाऊक आहे. वाल्मीकिरामायणात किष्किंधेत हनुमंत प्रथम राम-लक्ष्मणांना भेटतो. तो सुग्रीवाचा दूत. त्याचे भाषण ऐकून प्रभू रामचंद्र लक्ष्मणाजवळ त्याची स्तुती करतात. व्याकरण शुद्ध, पाल्हाळ नाही, अडखळणे नाही, आवाज ना फार चढा ना फार खाली, चेहऱ्यावर कोठे विकार नाही. जनसंपर्काच्या आजच्या एखाद्या पाठ्यपुस्तकात शोभावे असे हे परीक्षण आहे. कीर्तनकार बहुधा येथे थांबतात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. हे दोघे धनुर्धर वालीने पाठवले असावेत, या शंकेने सुग्रीव घाबरलेला असतो. तुमची भीती अनाठायी आहे, हे आपल्याच राजाला पटवून देण्याचे कामही हनुमंतालाच करावे लागते. पेशवाईतील वकील हेच करीत. निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे नाना फडणविसांना पत्रे धाडीत. धन्याची बाजू परदरबारात मांडणे हे वकिलाचे अर्धे काम. त्या दरबारात आपल्या धन्याविषयी काय बोलले जाते, हे न लपवता घरी कळवणे हे उरलेले अर्धे.

आधुनिक अर्थाने हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उभा राहिला. तो उभा करणाऱ्यांत आयव्ही ली हा एक पत्रकारच होता. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने काम करताना त्याने वृत्तपत्रांना एक निवेदन धाडले. आमचे काम उघडपणे चालेल, आम्ही देऊ ती माहिती अचूक असेल आणि कोणाला ती पडताळून पाहायची असेल तर आम्ही साह्य करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी पत्रकारांना घटनास्थळापासून दूर ठेवण्याची त्या कंपन्यांची रीत होती. लीने उलट केले. कंपनीतर्फे लेखी माहिती दिली आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेले. जगातील पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून त्या कागदाचा उल्लेख होतो.

याच लीची दुसरी गोष्टही ऐका. १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला. तंबू पेटवले गेले. आतील स्त्रिया आणि मुले होरपळून, गुदमरून मेली. खाण रॉकफेलर घराण्याच्या मालकीच्या कंपनीची. त्या घराण्याने लीला नेमले आणि त्याने मालकांची बाजू मांडणारी पत्रके देशभर धाडली. त्यांतील कित्येक गोष्टी असत्य निघाल्या. पुढे चौकशी आयोगासमोर त्याला विचारण्यात आले, की ही माहिती तुम्ही तपासून पाहिली होती का? तपासली नव्हती. खाणवाल्यांनी दिली, ती त्याने छापली. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव दिले आणि ते आजतागायत पुसले गेलेले नाही. आठ वर्षांपूर्वी पडताळणीची भाषा करणारा हाच माणूस! तो मुळातच खोटारडा होता, असे मी म्हणणार नाही. आतल्या माणसांनी सांगितलेले त्याने आत जाऊन पाहिले नाही.

हा प्रसंग मी पुस्तकात वाचला, त्याच्या पुष्कळ आधी तो मला भेटला होता. बातमीदारीतील माझी पहिली वर्षे होती. एका रात्री औद्योगिक पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात आग लागल्याचे कळले. मी तेथील जनसंपर्क अधिकाऱ्याच्या घरी दूरध्वनी केला. मोठा सुसंस्कृत गृहस्थ. ते म्हणाले, ‘किरकोळ आग होती, विझली. कोणालाही इजा नाही.’ आतल्या पानावर चार ओळी छापून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात दोन कामगार भाजलेल्या अवस्थेत पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्यांतील एकाची बायको हातात आमचेच वृत्तपत्र घेऊन बसली होती. तिने मला काही विचारले नाही. फक्त त्या चार ओळींवर बोट ठेवले.

त्या गृहस्थांवर माझा अनेक वर्षे राग होता. पुढे ते निवृत्त झाल्यावर एका लग्नात भेटले आणि स्वतःहूनच तो विषय काढला. ‘मी तुम्हांला खोटे सांगितले नाही. मला व्यवस्थापकांनी जे सांगितले तेच मी सांगितले. माझी चूक एवढीच, की त्या रात्री मी कारखान्यात गेलो नाही.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘आणि गेलो नाही, कारण गेलो असतो तर काय दिसेल याची मला कल्पना होती.’ हे दुसरे वाक्य त्यांनी उच्चारले नसते तरी चालले असते. त्यांनी ते उच्चारले, म्हणून माझा राग गेला. त्या कामगारांचे पुढे काय झाले, याची विचारपूस मीही नंतर केली नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे.

मित्रहो, बाहेरचा आवाज आत न पोहोचल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे भोपाळने दाखवले. राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्या ‘रपट’ साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्याविषयी लिहीत होता. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही त्याने लिहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. वर्तमानपत्रांतील कात्रणे काढून वरिष्ठांपुढे ठेवणे हे जनसंपर्क खात्याचे रोजचे, कंटाळवाणे काम. पुष्कळ ठिकाणी ते नवशिक्याकडे दिलेले असते. केसवानींचे लेख कापून कोणी फाइलला लावले असतील का? लावले असतील, तर ती फाइल घेऊन कोणी वरिष्ठांच्या दालनात गेले असेल का आणि ‘साहेब, हा माणूस म्हणतो ते खरे आहे का?’ असे विचारले असेल का? आणि त्या रात्री काय? कोणता वायू आहे, तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढ्या दोन-तीन सूचना वस्तीला वेळेवर मिळाल्या असत्या, तर कितीतरी जीव वाचले असते. अशा सूचना आधीच तयार ठेवणे हे जनसंपर्काचे काम आहे. त्याला पत्रकार परिषद लागत नाही.

पुढचे उदाहरण आपल्या घरातले आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नमुने ताब्यात घेतले. कंपनीचा पहिला सूर असा होता, की दुकानदार माल नीट साठवत नाहीत. ते खोटे होते असे नाही. पण ज्या आईने मुलाच्या हातातून वडी काढून घेतली, तिला गोदामाची हकिकत ऐकण्यात काय स्वारस्य? पुढे कंपनीची चाल बदलली. ‘विश्वास’ नावाने दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण देण्यात आले, वेष्टन अधिक बंदिस्त केले गेले आणि जानेवारी २००४ पासून अमिताभ बच्चन जाहिरातींत दिसू लागले. लोकांच्या स्मरणात बच्चन राहिले. माझ्या मते खरे काम वेष्टनाने केले. दोष असेल तेथे वस्तूच सुधारावी लागते आणि ‘जाहिरात नंतर, आधी वेष्टन बदला’ हे मालकाला सांगणारा माणूस कंपनीत असावा लागतो. अमेरिकेत १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या गोळ्यांत कोणा अज्ञाताने सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. दोष कंपनीचा नव्हता, तरीही! छेडछाड केल्यास लगेच कळेल असे वेष्टन घेऊनच ते औषध पुन्हा बाजारात आले.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्यापैकी बहुतेक विद्यार्थी तेव्हा जन्मलेही नसतील, पण पालकांना तो दिवस चांगलाच आठवत असेल. लोकल बंद, मोबाइल बंद. मी कार्यालयात अडकलो होतो आणि दर मिनिटाला दूरध्वनी वाजत होता. ‘माझा मुलगा निघाला आहे, कोठे असेल?’ त्या रात्री मला दोन सरकारी अधिकाऱ्यांचा अनुभव आला. एकाने दूरध्वनी बाजूला काढून ठेवला होता. दुसरे म्हणाले, ‘गाड्या कधी सुटतील ते मला आता माहीत नाही. साडेदहाला पुन्हा सांगतो.’ साडेदहाला त्यांचा दूरध्वनी आला : ‘अजूनही माहीत नाही. आता बाराला.’ बाराला पुन्हा आला. त्यांच्याकडे रात्रभर सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते आणि तरीही आम्ही लोकांना खात्रीने एवढे सांगू शकलो, की पहाटेपर्यंत स्थानकावर जाऊ नका.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारण्याचे धैर्य आणि दिलेली वेळ पाळण्याची शिस्त, ही दोन कौशल्ये कोणत्याही पदविकेत शिकवली जाताना मी पाहिलेली नाहीत. ती नसली की काय होते, ते दोन दिवसांनी दिसले. २८ जुलैला जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत आवई उठली. धरण फुटले, त्सुनामी आली! आदल्या डिसेंबरातील त्सुनामी लोकांच्या मनात ताजी होती. चिंचोळ्या गल्ल्यांतून माणसे धावत सुटली आणि चेंगराचेंगरीत बळी गेले. पाणी आलेच नव्हते. खरी बातमी जेथे वेळेवर जात नाही, तेथे खोटी पोहोचते. तेव्हा ती तोंडोतोंडी गेली. आज तिला व्हॉट्सअॅप आहे, बनावट चित्रफिती आहेत, एखाद्या अधिकाऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे आहेत. संस्थेच्या माणसाला पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या अंकापर्यंत अवधी मिळे, आता पंधरा मिनिटेही मिळत नाहीत.

कौशल्यांकडे वळतो. पहिले भाषेचे. आमच्याकडे येणाऱ्या मराठी प्रसिद्धिपत्रकांची दशा विचारू नका. मूळ इंग्रजी मजकूर कोणाकडून तरी घाईने उतरवलेला असतो. ‘ग्राहकाभिमुख सेवासुविधांच्या सक्षमीकरणासाठी सर्वसमावेशक उपक्रमाचे अनावरण’ असा मथळा मी स्वतः पाहिला आहे. तळाशी शोध घेतल्यावर कळले, की बँकेची शाखा आता रविवारीही उघडी राहणार आहे. तेवढेच लिहा ना! तालुक्याच्या गावातील वार्ताहर तुमचे पत्रक बसस्टँडवर उभ्याने वाचतो. पहिल्या दोन ओळींत काय, कोठे, केव्हा हे आले पाहिजे. छायाचित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे बिनचूक लिहिली पाहिजेत. एका सत्काराच्या चित्राखाली यजमानांचे आणि पाहुण्यांचे नाव उलटसुलट झाल्याने तुटलेली मैत्री मला ठाऊक आहे. मराठी उत्तम, हिंदी आणि इंग्रजी कामापुरते नव्हे तर चांगले, असा पाया हवा. आणि वाचन. आपल्या संस्थेचे ताळेबंद, नियम, जुने वाद वाचून ठेवलेला माणूस प्रश्नाला घाबरत नाही.

दुसरे कौशल्य मी ‘फाटकापासून सुरुवात’ असे म्हणतो. पहारेकरी, दूरध्वनीवर बसणारी मुलगी, चौकशी खिडकीवरचा लिपिक, हेच संस्थेचे खरे जनसंपर्क अधिकारी. लोकांची पहिली गाठ त्यांच्याशी पडते आणि संस्थेविषयी लोक काय बोलतात, हे प्रथम त्यांच्याच कानी येते. रोज दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसणारा अधिकारी मी आयुष्यात तीन-चारच पाहिले. त्यांच्या संस्थेविषयीची कोणतीही बातमी त्यांना आमच्याआधी माहीत असे!

कर्तव्याविषयी थोडे अवघड बोलायचे आहे. भारतीय जनसंपर्क संस्था, म्हणजे पीआरएसआय, १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत तिचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन भरले आणि तेथे आचारसंहिता स्वीकारली गेली. म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन. दर वर्षी भाषणे होतात. पण मोह प्रत्यक्ष दारी येतो तेव्हा संहिता कपाटात असते. पत्रकाराच्या हातात पाकीट ठेवणारा जनसंपर्कवाला आणि ते खिशात घालणारा पत्रकार, दोघेही मी पाहिले आहेत. माझ्या व्यवसायाला मी यातून वगळत नाही. २००९ च्या निवडणुकांत बातमीच्या वेशात पैसे देऊन मजकूर छापण्याचा जो प्रकार महाराष्ट्रात उघडकीस आला, त्यावर प्रेस कौन्सिललाही अहवाल करावा लागला. त्यात देणाराही होता आणि घेणाराही.

कौशल्य आणि विवेक यांची फारकत झाली की काय होते, याचे उदाहरण एडवर्ड बर्नेस. हा फ्रॉइडचा भाचा. १९२९ मध्ये सिगारेट कंपनीसाठी त्याने न्यूयॉर्कमधील ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि हे स्त्रीस्वातंत्र्याचे पलिते आहेत, अशी हवा निर्माण केली. युक्ती अप्रतिम होती. उतारवयात त्याने धूम्रपानविरोधी प्रचारालाही हातभार लावला. पण तोवर पुष्कळ धूर होऊन गेला होता.

पालकांच्या मनात प्रश्न असेल, की नोकरी कोठे? मार्ग अनेक आहेत. राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती अधिकारी आहेत, त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. केंद्रात नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवेत जाता येते. महापालिका, रेल्वे, बँका, विद्यापीठे, रुग्णालये, खासगी कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था, सर्वत्र ही पदे आहेत. पदविका अवश्य घ्या. शक्य असेल तर आधी दोन वर्षे एखाद्या जिल्हा दैनिकात राबा. सार्वजनिक संस्थेत जाणार असाल तर माहिती अधिकाराचा कायदा पाठ करा. दहा रुपयांच्या अर्जावर जे बाहेर येणार आहे, ते लपवण्यात शक्ती घालवू नका.

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, साहेबांनीच खोटे सांगायला लावले तर?’ मी तिला सांगितले, ते येथेही सांगतो. साहेब क्वचितच ‘खोटे सांग’ म्हणतात. ते म्हणतात, ‘सध्या एवढेच सांग.’ अशा वेळी प्रथम जागेवर जा, डोळ्यांनी पाहा. मग साहेबांना एकांतात, शांतपणे, शक्य तर लेखी सांगा, की हे उद्या बाहेर येईल आणि तेव्हा आपल्याला दोनदा उत्तर द्यावे लागेल, एकदा आगीचे आणि एकदा लपवल्याचे. बहुतेक साहेब ऐकतात. त्यांना नीती पटली म्हणून नव्हे, हिशेब पटला म्हणून! जे ऐकत नाहीत, त्यांच्याकडची नोकरी सोडावी लागते. सोडलेले दोघे जण माझ्या परिचयाचे आहेत. एकाला वर्षभर काम मिळाले नाही, हेही लपवत नाही. घरात मुलाने असा निर्णय घेतला तर त्याला वेडा ठरवू नका, एवढी पालकांना विनंती.

शेवटी एक छोटा गृहपाठ. उद्या सकाळी महाविद्यालयात येताना फाटकावरच्या काकांना विचारा, की परगावचे पालक प्रवेशासाठी येतात तेव्हा त्यांची सर्वांत मोठी अडचण कोणती असते. ते सांगतील ते वहीत लिहा. मग कार्यालयाबाहेरचा सूचनाफलक वाचा आणि त्या अडचणीचे उत्तर त्यावर कोठे आहे का, ते पाहा. नसेल तर चार ओळींची सूचना साध्या मराठीत लिहून प्राचार्यांकडे घेऊन जा. प्राचार्य महोदय, आपली आगाऊ क्षमा मागतो! आता प्रश्न घेऊ या.